गाठीचे नाव विचारा

मुलाच्या मेंदूत गाठ निघाली की आपल्या घरांत त्या रोगाचे नावही कोणी उच्चारीत नाही. बालकर्करोग विभागात मी पुष्कळ वर्षे परिचारिका होते. म्हणून आग्रहाने सांगते, नाव विचारा. इथले डॉक्टर हिब्रूत भराभर बोलतात, तेव्हा कागदावर लिहून घ्या. पुढचे सारे त्या नावावर अवलंबून असते.

मेड्युलोब्लास्टोमा लहान मेंदूत उद्भवतो. सकाळची डोकेदुखी, वांत्या, चालताना तोल जाणे ही त्याची लक्षणे. पित्त समजून ती अंगावर काढू नयेत. गाठ शस्त्रक्रियेने काढतात, मग मेंदू व कण्याला किरणोपचार आणि रसायनोपचार. रोग पसरलेला नसल्यास सुमारे ७० ते ८० टक्के मुले पाच वर्षांनंतरही हयात असतात. तीन वर्षांखालील बाळांना मात्र किरणोपचार शक्यतो टाळतात, कारण वाढत्या मेंदूला त्यांनी इजा होते. थोरल्या मुलांनाही पुढे अभ्यास जड जातो, संप्रेरके कमी पडतात. उद्या लग्न जमणार नाही या धास्तीने शाळेपासून हे लपविणारे पालक मी पाहिले आहेत. ते मला मुळीच पटत नाही.

मेंदूच्या खोडात पसरणारी ग्लायोमाची गाठ निराळी. ती कापून काढता येत नाही. किरणांनी काही महिने आराम पडतो. बहुतेक मुले वर्षभरातच जातात. अशा वेळी आजी एलियाहू हन्नाबीच्या नावाने मलिद्याचा नवस बोलते, तो खुशाल बोलू द्यावा. पण वेदनाशमनाचे उपचार पहिल्याच दिवसापासून मागावेत, आणि मुलाने विचारलेच तर त्याला खोटे सांगू नये.