घागरीची मोजदाद

राष्ट्राची आकडेवारी म्हटली, की उत्पन्न, उत्पादन आणि व्यापार यांचे रुक्ष तक्ते डोळ्यांपुढे उभे राहतात. परंतु सरकारी तक्त्यांत घरातील चूल, दिवा आणि पाण्याची घागर यांचाही हिशेब असतो. सामान्य माणसाचा दिवस कसा जातो, हे जाणू इच्छिणाऱ्याने तो अवश्य वाचावा.

पिण्याचे पाणी आवारात मिळते, जवळपास मिळते, की दुरून आणावे लागते, असा प्रश्न 2011 च्या जनगणनेत घरोघर विचारण्यात आला. ‘दूर’ या शब्दाचा अर्थही ठरलेला होता : शहरात 100 मीटरांहून आणि खेड्यात 500 मीटरांहून अधिक अंतर. देशातील शेकडा 46.6 कुटुंबांना पाणी आवारातच मिळत होते, 35.8 कुटुंबांना ते जवळून आणि 17.6 कुटुंबांना दुरून आणावे लागत होते. त्याच जनगणनेत शेकडा 63.2 कुटुंबांकडे टेलिफोन आढळला. घरात टेलिफोन आला होता, पाणी मात्र अनेकांच्या दारापर्यंत आले नव्हते.

ते पाणी कोण वाहते, हे या तक्त्यात सापडत नाही. उलट, वर्षभर केवळ घरकाम करणाऱ्या स्त्रीची नोंद जनगणनेत ‘काम न करणारी’ या सदरात होते.

2019 च्या उन्हाळ्यात चेन्नईचे जलाशय आटले. 12 जुलैला जोलारपेटहून, दोनशेहून अधिक किलोमीटरांवरून, पाण्याची पहिली आगगाडी शहरात आली; तिच्यात 25 लाख लिटर पाणी होते. गाडीतले पाणी लिटरांत मोजले गेले. टँकरपुढे रांगेत काढलेले तास आणि जिन्यावरून चढवलेल्या घागरी यांचा हिशेब कोणी ठेवावा?

योगायोग असा, की त्याच वर्षी राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. पहाटे चारपासून दुसऱ्या पहाटे चारपर्यंतचे चोवीस तास कसे गेले, हे माणसांना विचारण्यात आले. बिनमोल घरकामात शेकडा 81.2 स्त्रिया आणि 26.1 पुरुष सहभागी असल्याचे दिसले. हे काम करणाऱ्या स्त्रीचा त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटे, तर पुरुषाचा 97 मिनिटे वेळ जात होता. बाहेरून पाणी भरण्याचा वेळ यात धरलेलाच नाही. त्याचे सदर निराळे आहे. 2024 मध्ये पाहणी पुन्हा झाली, तेव्हा हे आकडे 289 आणि 88 असे आले. पाच वर्षांत स्त्रीचा भार दहा मिनिटांनी उतरला. पुरुषाचा वाटाही वाढला नाही.

जनगणनेने ज्या स्त्रीला काम न करणारी म्हटले, तिचेच जवळजवळ पाच तासांचे काम दुसऱ्या पाहणीत प्रकट झाले. स्त्री तीच होती. विचारलेला प्रश्न बदलला होता. म्हणूनच दारात नळ आला, तर किती लिटर पाणी मिळाले एवढ्यावर थांबू नये. त्या नळाने घरातील स्त्रीचे किती तास मोकळे झाले, हीही नोंद राष्ट्राच्या हिशेबात असली पाहिजे.