आईच्या कामाचा रकाना



एम.ए.च्या प्रवेश अर्जात 'आईचा व्यवसाय' असा रकाना होता. मी 'गृहिणी' लिहिलं. आई तेव्हा दिवसाला आठशे विड्या वळायची. पुढे मुलाखतीत एका प्राध्यापकांनी विचारलं, "तुमच्यावर घरातल्या कुणाचा प्रभाव?" मी म्हणाले, "कुणाचाच नाही सर, घरात पुस्तकंच नव्हती." दोन्ही वेळा मी आईला वगळलं.

तुमच्यातल्या अनेकांनी हेच केलं असेल. वारसा म्हणजे पुस्तकांचं कपाट, असं आपणही मानायला लागतो. पण आपल्या लेखकांची घरं बघा.

ओमप्रकाश वाल्मीकींचं 'जूठन' हिंदीत 1997 मध्ये आलं. उत्तर प्रदेशातल्या बरला गावात त्यांची आई लग्नघरचं उष्टं टोपलीत गोळा करायची. एकदा यजमानाने अपमान केला, तेव्हा तिने टोपली तिथेच उपडी केली आणि पुन्हा त्या दारात गेली नाही. ओमप्रकाशच्या सहावीच्या प्रवेशाला पैसे नव्हते, तर वहिनीने आपले पैंजण काढून दिले.

तमिळनाडूतल्या बामा यांचं घर ख्रिस्ती. त्यांची आजी जमीनदारांच्या घरी राबायची. मोठ्या भावाने त्यांना सांगितलं, की या जातीत जन्मलो म्हणून मान मिळत नाही, शिकलो तर हा अपमान झुगारता येईल. पुढे त्या जोगीण झाल्या, कॉन्व्हेंटमध्येही जात भेटली, बाहेर पडल्या आणि 1992 मध्ये 'करुक्कु' आलं. करुक्कु म्हणजे ताडाच्या पानाची करवती कड.

कोकणात उर्मिला पवारांची आई बांबूची सुपं-टोपल्या विणायची. शिक्षक असलेले वडील लवकर गेले, तेव्हा त्या विणण्यावर घर चाललं. देशावर हे काम बुरूड करतात, कोकणात महार करत. म्हणजे एकाच जातीचं जगणंही दोन प्रदेशांत सारखं नसतं. आईचं विणणं आणि आपलं लिहिणं यांचं नातं त्यांनी 2003 च्या 'आयदान'मध्ये मांडलं.

उष्टं, ताडाचं पान, बांबू. भाषा वेगळी, धर्म वेगळा, काम वेगळं. सांस्कृतिक विविधता म्हटलं की आपल्याला स्नेहसंमेलनातले पोशाख आठवतात. खरी विविधता या कामांत आणि त्या कामांच्या शब्दांत आहे. जात देशभर एकच, पण तिला घराघरातून मिळालेलं उत्तर वेगळं आहे.

मात्र घराची आरतीही ओवाळू नका. फलटणला किराणा दुकान चालवताना बेबीताई कांबळे 'जिणं आमुचं' लिहीत होत्या, आणि वह्या नवऱ्यापासून वर्षानुवर्षं लपवून ठेवत होत्या. जे घर बळ देतं, तेच गप्पही बसवतं. आपल्या लेखनात दोन्ही यायला हवं.

माझी आई शाळेत गेली नाही. पण कारखान्यात तपासनीस चांगल्या विड्या 'छाट' म्हणून बाजूला काढायचा, तेव्हा ती तिथेच उभी राहून एकेक विडी परत मोजून घ्यायची. वाचताना 'हे नेमकं कोण ठरवतंय?' असं विचारायची सवय मला तिथून लागली. प्राध्यापकांना द्यायचं उत्तर हे होतं.

आज घरी गेलात की आईला, आजीला तिच्या कामाचे शब्द विचारा आणि लिहून ठेवा. मी पीएच.डी.चा अर्ज भरला, तेव्हा त्या रकान्यात 'विडी कामगार' असं लिहिलं.

जय भीम.