सेवासदन ते सातपुडा : बालआरोग्य आणि स्त्रीसेविका

(नंदुरबार येथे सरपंच, ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक आणि अंगणवाडी सेविका यांच्यासमोर केलेले भाषण)



आपल्या जिल्ह्यात बालकांच्या आरोग्याचा विषय निघाला की चर्चा बहुधा आकड्यांपाशी येऊन थांबते. किती बालके कमी वजनाची, किती उपकेंद्रे, किती वाहने. हे आकडे आवश्यकच आहेत. माझ्या खात्याचे निम्मे काम त्यांवर चालते. परंतु आजचा माझा विषय आकड्यांच्या अलीकडचा आहे. तान्ह्या बालकाच्या घराचा उंबरठा ओलांडून आत जाणारी व्यक्ती कोण, आणि तिला तेथे कोणत्या बळावर येऊ दिले जाते? या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा एक दीर्घ आणि धाडसी प्रयत्न महाराष्ट्रात स्त्रियांच्या एका स्वयंसेवी संस्थेने केला. ती संस्था म्हणजे पुण्याचे सेवासदन.

त्याआधीची स्थिती आठवावी. बाळंतिणीची खोली म्हणजे अंधारी, कोंदट जागा; नाळ कापण्याचे हत्यार हाताला येईल ते. पुरुष डॉक्टरांना त्या खोलीत प्रवेश नव्हता आणि स्त्री डॉक्टर नव्हत्याच. आनंदीबाई जोशी यांचे मूल अवघ्या दहा दिवसांचे होऊन गेले, तेव्हा त्या स्वतः चौदा वर्षांच्या होत्या. वैद्यकाच्या शिक्षणाची त्यांची जिद्द त्या दुःखातून जन्मली असे त्यांचे चरित्रकार सांगतात. १८८६ साली अमेरिकेत पदवी घेऊन त्या परतल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारीत निवर्तल्या. पुढे डॉ. रखमाबाई विलायतेहून शिकून आल्या व सुरतेच्या स्त्रियांच्या रुग्णालयात त्यांनी अनेक वर्षे काम केले. सुरत आपल्याला पुण्यापेक्षा जवळ. ताप्तीकाठच्या लोहमार्गाने आपली माणसे आजही तेथे उपचाराला जातात. परंतु एकदोन स्त्री डॉक्टरांनी घरोघरची बाळंतपणे सुरक्षित होणार नव्हती. त्यासाठी सुशिक्षित परिचारिका आणि सुईणी हव्या होत्या, आणि त्याही शेकड्यांनी.

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे १९०१ साली वारले. रमाबाई तेव्हा चाळिशीच्या उंबरठ्यावर होत्या. मुंबई सोडून त्या पुण्याच्या घरी आल्या आणि सुमारे वर्षभर लोकांपासून दूरच राहिल्या. नंतर त्या बाहेर पडल्या त्या येरवड्याच्या तुरुंगातील स्त्रीकैद्यांना भेटण्यासाठी आणि रुग्णालयांतील रोग्यांना फळे, फुले व पुस्तके देण्यासाठी. मुंबईत बेहरामजी मलबारी व दयाराम गिडुमल यांनी १९०८ साली सेवासदन काढले होते. त्या धर्तीवर २ ऑक्टोबर १९०९ रोजी पुणे सेवासदनाची स्थापना झाली. रमाबाई अध्यक्षा, भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर त्यांचे प्रमुख सहकारी. आरंभीचे वर्ग रानडे यांच्या वाड्यातच भरत.

लिहिणे-वाचणे आणि शिवणकाम यांना समाजाचा फारसा विरोध नव्हता. खरी कसोटी लागली ती परिचर्येच्या शिक्षणाच्या वेळी. परक्या जातीच्या रोग्याला स्पर्श करावयाचा, मलमूत्र उचलावयाचे, रात्री घराबाहेर राहावयाचे. आणि हे सर्व करावयाचे विधवांनी! पुण्यातील पांढरपेशा कुटुंबांना ही कल्पनाच असह्य होती. रमाबाईंनी मुलींच्या वडीलधाऱ्यांची समजूत घातली, राहण्याची सोय केली आणि ससून रुग्णालयात सेवासदनाच्या विद्यार्थिनी शिकू लागल्या. संस्थेच्या एका वार्षिक समारंभात केशवपन केलेली, डोक्यावरून पदर घेतलेली एक विधवा पारितोषिक घेण्यासाठी व्यासपीठावर आली, तेव्हा प्रेक्षकांतील विद्यार्थ्यांनी तिची हुर्यो उडविली. समारोपाच्या भाषणात रमाबाईंनी त्या तरुणांची चांगलीच कानउघाडणी केली. एरवी मृदुभाषी अशी त्यांची ख्याती; त्या दिवशी त्यांनी ती राखली नाही हे उत्तम झाले.

सेवासदनाच्या स्त्रिया शहरातच बसून राहिल्या असेही नाही. गुजरात-काठेवाडात दुष्काळ पडला तेव्हा १९१३ साली रमाबाई मदतकार्यासाठी तिकडे गेल्या. आषाढी-कार्तिकीला आळंदीस येणाऱ्या स्त्री-यात्रेकरूंच्या साहाय्यासाठी सेवासदनाच्या स्वयंसेविका त्या घेऊन जात. १९२४ साली त्या वारल्या, तेव्हा संस्थेच्या निरनिराळ्या वर्गांतून हजाराहून अधिक स्त्रिया शिकत होत्या.

या इतिहासात मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट अशी. संस्था उभी राहिली स्वयंसेवेवर. पण तिने घडविलेली परिचारिका दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहणारी राहिली नाही. ती पगार घेऊ लागली. ज्या स्त्रीला घरात मंगलकार्याच्या वेळी समोर येण्याची मुभा नव्हती, तिलाच लोक बाळंतपणासाठी मानाने बोलावू लागले. सेवा आणि वेतन ही दोन एकमेकांच्या विरोधातली मूल्ये आहेत असे रमाबाईंना वाटले नाही. आपल्याला अजूनही अधूनमधून तसे वाटते, आणि म्हणूनच ही जुनी हकीगत येथे सांगितली.

खेड्याकडे हे काम वळले ते नंतर. कस्तुरबांचे २२ फेब्रुवारी १९४४ रोजी पुण्याच्या आगाखान राजवाड्यात निधन झाले. त्यांच्या स्मारकासाठी एक कोटी रुपयांहून अधिक निधी जमला. तो खेड्यांतील स्त्रिया व मुले यांच्यासाठीच वापरावा, असा गांधीजींचा आग्रह होता. महाराष्ट्रात प्रेमा कंटक यांनी सासवड येथून हे कार्य सांभाळले. त्याच सुमारास, १९४५ साली, ताराबाई मोडक बोर्डीला गेल्या. पुढे १९५७ साली कोसबाडच्या टेकडीवर. शाळेत न येणाऱ्या आदिवासी मुलांसाठी त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा शब्द तेथला. मुलांना अक्षरे दाखविण्यापूर्वी त्यांना आंघोळ घालावी लागे, नखे कापावी लागत, खरूज धुवावी लागे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तेव्हा तिने हाच शब्द उचलला.

अहिल्यानगर, म्हणजे तेव्हाच्या अहमदनगर, जिल्ह्यात जामखेड येथे १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी याहून धीट पाऊल टाकले. त्यांनी गावच्याच, बहुधा निरक्षर आणि पुष्कळदा दलित समाजातील स्त्रियांना आरोग्याचे शिक्षण दिले. या स्त्रिया पगारी नव्हत्या. मात्र त्यांनी स्वतःच्या पायावर उभे राहावे म्हणून त्यांना लहानसहान उद्योगांसाठी साहाय्य मिळे. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९९० च्या दशकात खेड्यांतील स्त्रियांना नवजात बालकाची घरी काळजी घेण्यास शिकविले. प्रयोगाच्या ३९ गावांत नवजात बालकांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटले. हे निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाले आणि २०११ पासून देशभरच्या आशांच्या कामात ही पद्धत समाविष्ट झाली. बाळ रुग्णालयात जन्मले असेल तर ४२ दिवसांत सहा गृहभेटी. घरी जन्मले असेल तर सात. वजन, ताप, श्वास, नाळ, स्तनपान ही तपासणी ती करते.

आता आपल्या जिल्ह्याकडे येतो. धडगाव आणि अक्कलकुवा तालुक्यांत एकेका गावाचे पाडे डोंगरांवर विखुरलेले आहेत. नर्मदेच्या फुगवट्याच्या काठी तर तरंगता दवाखाना चालवावा लागला. २०२० साली, महासाथीच्या काळात, आपल्याच जिल्ह्यातील एका अंगणवाडी सेविकेने स्वतः होडी वल्हवून पलीकडच्या पाड्यांवरील बालके व गर्भवती स्त्रियांना गाठले. तिची वार्ता देशभर गाजली. तिच्या धैर्याला तोड नाही. परंतु ती वार्ता वाचून आपण टाळ्या वाजविल्या, आणि तिला वल्हवावे का लागले हे विचारावयाचे राहून गेले.

आशा ही कागदोपत्री 'स्वयंसेविका' आहे आणि तिला कामागणिक मोबदला मिळतो. अंगणवाडी सेविकेला मिळते ते 'मानधन'. २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका व मदतनीस यांना उपदानाचा हक्क आहे असा निर्णय दिला. तो खटला शेजारच्या गुजरातेतील दाहोदचा होता. मोबदल्याचे दर ग्रामपंचायत ठरवीत नाही, हे खरे. तथापि पुष्कळ गोष्टी पंचायतीच्या हाती आहेत. आशेच्या निवडीत ग्रामसभेला स्थान आहे. ती निवड पाड्याची भाषा, पावरी, भिली वा कोकणी, बोलणाऱ्या स्त्रीची व्हावी. निवड कोणाची सून म्हणून होऊ नये. पेसा ग्रामपंचायतींना २०१५ पासून आदिवासी उपयोजनेचा पाच टक्के निधी थेट मिळू लागला व आरोग्य, स्वच्छता आणि शिक्षण हे त्याच्या विनियोगाचे मान्य विषय आहेत. अंगणवाडीचे गळके छत किंवा सेविकेला पावसाळ्यात ओढा ओलांडण्यासाठी लहानसा साकव या गोष्टी ग्रामसभेने आपल्या आराखड्यात मांडून पाहाव्यात. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेचा गरम आहारही शिजतो तो याच भगिनींच्या चुलीवर. सरपण आणि भाजी वेळेवर पोहोचते की नाही हे सदस्यांनी आठवड्यातून एकदा जाऊन पाहिले तरी पुष्कळ होईल.

शिक्षक बंधुभगिनींना एकच विनंती. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी कुटुंबे बाहेर पडतात. मोठे भावंड शाळेतून गैरहजर झाले की ते आपल्या हजेरीपटावर प्रथम दिसते. त्याच्या पाठचे तान्हे बाळ मात्र वजनाच्या नोंदवहीतून मुकाट्याने गळून पडते. अशा मुलांची नावे त्याच आठवड्यात सेविकेला कळवावीत. होळीला ही कुटुंबे परततात, काठीच्या राजवाडी होळीला तर सारा सातपुडा लोटतो. त्यानंतरच्या पंधरवड्यात पाड्यावरच्या प्रत्येक बालकाचे वजन पुन्हा घेतले जावे, आणि त्या दिवशी गुरुजी, सदस्य व सेविका तिघेही काट्यापाशी उभे असावेत.