फेरीत कोण नव्हतं?
(सेनगाव येथील महिला मेळाव्यात केलेलं भाषण)



2025 च्या मे महिन्यात सीमेवर तोफा सुरू झाल्या, तेव्हा आम्ही सेनगावात 'युद्ध नको' म्हणत फेरी काढली. बावीस जणी होतो, बहुतेक शिक्षिका आणि नोकरदारांच्या घरच्या. बौद्धवाड्यातली एकही नव्हती, मुसलमान मोहल्ल्यातलीही नाही. परतताना एक जण म्हणाली, "त्यांच्यात अजून जाणीव नाही." मीही मान डोलावली. आज त्याची लाज वाटते.

नंतर वस्तीत गेले. फेरी सकाळी अकराची. बाया हळदीच्या कामावर. रोज बुडवून कोण येणार? एक मावशी म्हणाल्या, "ताई, लढाई कोणाला पाहिजे? माझंच लेकरू फौजेत हाय. पण वर्दी अंगावर आली तवा गावानं त्याला नीट नावानं हाक मारली."

या वर्दीमागे इतिहास आहे. इंग्रजांनी 1890 च्या दशकात महारांची सैन्यभरती बंद केली. ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून शिवराम जानबा कांबळे यांनी 1910 मध्ये सरकारकडे अर्ज केला. पुढे बाबासाहेबांनी प्रयत्न केले आणि 1941 मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली. आमच्या घोषणांत या मावशींना जागाच नव्हती.

मोहल्ल्यातलं कारण वेगळं. "तुम्ही शांतता म्हणालात तर समाजसेविका, आम्ही म्हटलं तर पाकिस्तानी."

अमेरिकेत व्हिएतनाम युद्धाच्या काळात हेच घडलं. पाहण्यांमध्ये काळ्या लोकांचा युद्धाला विरोध गोऱ्यांपेक्षा जास्त दिसे, पण मोठ्या मोर्चांत चेहरे बहुतेक गोरे. मुहम्मद अलीने 1967 मध्ये सैन्यात जायला नकार दिला, तर त्याचं अजिंक्यपद काढून घेतलं. त्याच वर्षी मार्टिन ल्यूथर किंग युद्धाविरुद्ध बोलले, तर त्यांचे सहकारीही नाराज झाले. म्हणजे विरोध असतो. त्याची किंमत मात्र सगळ्यांना सारखी पडत नाही.

आणि जाणिवेचं म्हणाल, तर मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरासाठी याच वस्त्यांनी 1978 पासून 1994 पर्यंत सोसलं. तेव्हा आपल्या आयांपैकी किती जणी रस्त्यावर होत्या? माझी आई घरातच होती.

म्हणून पुढची बैठक संध्याकाळी, वस्तीत घेऊ. घोषणा तिथल्या बायांनी ठरवाव्यात. जिला धोका जास्त, तिला पुढे उभं करायचं नाही. तिथे आपण उभं राहायचं. आणि 'त्या का आल्या नाहीत' हे विचारण्याआधी, आपण त्यांच्यासाठी कधी गेलो होतो, एवढं स्वतःला विचारू या.