बंद दाराआडच्या कामाला सोबत हवी





पुणे हे ऐकणाऱ्यांचं शहर आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केलेल्या वसंत व्याख्यानमालेला आजही श्रोते येतात. पण व्याख्यान ऐकणं वेगळं आणि आपल्याच व्यवसायातल्या माणसानं अडखळत सांगितलेली अडचण, मध्ये न बोलता, ऐकून घेणं वेगळं. या दोन दिवसांच्या संमेलनात आपण सारे कोच त्या दुसऱ्या ऐकण्यासाठी जमलो आहोत. संमेलनाचा विषय ‘समूह सुपरव्हिजन’, म्हणजे सुपरव्हायझरच्या सोबतीनं गटात आपलं काम मांडणं, हा असावा, असा आग्रह आमच्या स्वागत समितीचा होता. तेव्हा त्यामागची भूमिका मांडणं माझं कर्तव्य आहे.

आपलं काम फार एकट्याचं आहे. वकिलांना बार रूम असते, शिक्षकांना स्टाफ रूम असते. रुग्णालयातल्या डॉक्टरला शेजारच्या खोलीतल्या सहकाऱ्याला हाक मारता येते. आपल्या खोलीत क्लायंट आणि आपण, दोघंच. गोपनीयतेचा शब्द दिलेला असतो, त्यामुळे रात्री जेवताना घरच्यांपाशीही काही बोलता येत नाही. आणि प्रश्न तर रोजचे. चाकणच्या कारखान्यातला एक व्यवस्थापक तुम्हाला सांगतो की, त्यानं दुसरीकडची नोकरी स्वीकारली आहे. अजून कुणाला माहीत नाही. तुम्ही बाहेर पडता, तर जिन्यात एचआर प्रमुख विचारतात, “कसं चाललंय आमच्या माणसाचं?” फी त्यांची कंपनी देते. आता काय बोलायचं? दुसरी क्लायंट तीन आठवडे धड झोपलेली नाही. हा कोचिंगचा विषय आहे, की तिला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवायला हवं? प्रमाणपत्राच्या अभ्यासक्रमात तत्त्वं शिकवतात, पण संध्याकाळी सात वाजता मनात घोळणारं हे ओझं उतरवायला जागा लागते.

ही जागा कशी असावी, याचा विचार आपल्या आधी डॉक्टरांनी केला. मायकेल बालिंट हे मूळचे हंगेरीचे मनोविश्लेषक. १९५०च्या दशकात लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये त्यांनी आणि त्यांच्या पत्नी एनिड यांनी फॅमिली डॉक्टरांचे छोटे गट भरवले. डॉक्टर आपापला अवघड रुग्ण गटापुढे मांडायचे आणि चर्चा व्हायची ती डॉक्टर-रुग्ण नात्याची. त्यातून १९५७ साली बालिंट यांचं ‘द डॉक्टर, हिज पेशंट अँड द इलनेस’ हे पुस्तक आलं. डॉक्टर सर्वांत जास्त वापरतो ते औषध म्हणजे तो स्वतःच, आणि त्या औषधाची मात्रा मात्र कुठल्याच पाठ्यपुस्तकात दिलेली नाही, हा त्यातला विचार. कोचला तो शब्दशः लागू पडतो. आपल्याकडे तर दुसरं औषधच नाही!

आणि ही रीत केवळ विलायतेची आहे, असंही नाही. मुंबईत १९३६ साली सुरू झालेल्या, आज आपण टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस म्हणून ओळखतो त्या संस्थेत, किंवा इथे पुण्यात कर्वे समाज सेवा संस्थेत शिकलेले काही जण या सभागृहात असतील. वस्तीत, रुग्णालयात, शाळेत केलेल्या कामाच्या नोंदी लिहून आणायच्या आणि ‘जीसी’त, म्हणजे ग्रुप कॉन्फरन्समध्ये, सुपरव्हायझर आणि सोबत्यांपुढे मांडायच्या, हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं असतं. समाजकार्याच्या विद्यार्थ्याला जे मिळतं, ते उद्योगजगतातल्या मोठ्या पदांवरच्या माणसांबरोबर काम करणाऱ्या अनुभवी कोचला मिळू नये, ही गोष्ट मला मनापासून खटकते.

गटात नेमकं काय घडतं, ते थोडं सविस्तर सांगते. समजा, सहा जण आणि एक प्रशिक्षित सुपरव्हायझर, दोन तास बसले आहेत. एक कोच आपला क्लायंट मांडतो. नाव नाही, कंपनी नाही. तो भराभर बोलतो, एकामागून एक तपशील टाकत जातो, कुणाला प्रश्न विचारायला फटच ठेवत नाही. सुपरव्हायझर त्याला हलकेच थांबवतात आणि बाकीच्यांना विचारतात, “ऐकताना तुम्हाला काय होत होतं?” एक म्हणते, “मला धाप लागली.” दुसरा म्हणतो, “मला राग यायला लागला होता.” तिसऱ्याचं लक्षच उडालेलं असतं. चौथीला त्या न भेटलेल्या क्लायंटची दया आलेली असते. मांडणारा कोच गप्प होतो आणि मग म्हणतो, “माझा क्लायंट माझ्याशी अगदी असाच बोलतो.” क्लायंटच्या खोलीत जे घडतं, ते नकळत या खोलीत उमटलेलं असतं. हॅरल्ड सर्ल्स या अमेरिकन मनोविश्लेषकानं १९५५ साली मनोचिकित्सेच्या सुपरव्हिजनमधली ही प्रक्रिया मांडली होती. एकाच सुपरव्हायझरसमोर बसूनही ती दिसू शकते. पण तिथे धाप, राग, कंटाळा, दया यांपैकी जे एका माणसाला जाणवेल, तेवढंच हाती लागतं. गटात हे सगळं एका वेळी समोर येतं, आणि यांतलं आपण काय टाळत होतो ते मांडणाऱ्याला कळतं. माझ्या मते समूहाचं खरं मोल इथे आहे. खर्च वाटला जातो, हा फायदा आहेच, तो दुय्यम.

सुपरव्हिजनच्या अभ्यासक ब्रिजिड प्रॉक्टर यांनी तिची तीन कामं सांगितली: व्यवसायाची मर्यादा सांभाळणं, कौशल्य वाढवणं आणि काम करणाऱ्याला पुन्हा उभारी देणं. पहिल्या दोन्हींवर आपण पुष्कळ बोलतो. तिसरं मात्र ‘जमलं तर’ या खात्यात जातं. गट नेमकं तेच देतो. “मलाही असं झालं होतं,” हे समव्यवसायी माणसाच्या तोंडून ऐकल्यावर जी लाज गळून पडते, ती एरवी सहजी जात नाही.

दोन अडचणी स्पष्ट बोलायला हव्यात. आपल्याकडे ज्येष्ठ बोलले की कनिष्ठ मान डोलावतात. गटात हे चालणार नाही. सर्वांत नवख्यानं आधी बोलावं, ज्येष्ठांनी शेवटी. दुसरी अडचण लहान शहरांची. कोल्हापूर किंवा नाशिकच्या उद्योगवर्तुळात नाव न घेताही माणूस ओळखू येतो. त्यावर उपाय म्हणजे वेगवेगळ्या शहरांतल्या कोचचे ऑनलाइन गट. आणि सुपरव्हायझर नसलेले केवळ मित्रांचे गट? ते जरूर असावेत, पण तिथे एकमेकांना दुखवायचं नाही या भावनेपोटी अवघड प्रश्न विचारायचे राहून जातात. आयसीएफ या कोचांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या प्रमाणपत्रासाठी आपण जे दहा तासांचं मेंटर कोचिंग घेतो, तेही निराळं. तिथे आपलं कौशल्य तपासलं जातं, इथे आपलं संपूर्ण काम आणि ते करणारा माणूस.

म्हणून आज दुपारी भाषणं नाहीत. सहा-सहा जणांचे गट करून प्रत्यक्ष सुपरव्हिजन होईल. आपल्या गटात आपल्याच कंपनीतलं किंवा आपल्याच क्लायंटला ओळखणारं कुणी असेल, तर नोंदणी कक्षात सांगा. गट बदलून मिळेल. मोबाइल बाहेरच्या टेबलावर ठेवावेत, छायाचित्रं काढू नयेत आणि गटात ऐकलेलं जेवणाच्या रांगेत बोलू नये, ही माझी कळकळीची विनंती. निवास, भोजन, प्रवास यांत काही उणं राहिलं, तर स्वागत समितीचे कार्यकर्ते निळ्या फिती लावून उभे आहेत, त्यांना हक्कानं हाक मारा.