चिंता आणि जखम

(हीरक महोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा गोषवारा)



वाराणसीच्या बनारस हिंदू विश्वविद्यालयातील वैद्यकीय शिक्षणाचा पाया घालणारे डॉ. के. एन. उडुपा हे शल्यविशारद होते. आयुर्वेद आणि आधुनिक शस्त्रक्रिया या दोन्ही विद्या त्यांना अवगत होत्या. मोडलेले हाड लवकर सांधावे म्हणून त्यांनी हाडसांधीच्या वेलीचा अभ्यास केला. पुढे ते मानसिक ताणाकडे वळले. ताणाशी निगडित संप्रेरके मोजून, योगाभ्यासाने त्यांत काय फरक पडतो हे त्यांनी तपासले. शल्यविशारदाने मनाकडे का वळावे?

कारण टाका जखमेच्या कडा केवळ जवळ धरतो. जखम भरून काढतात त्या शरीराच्या पेशी. त्यांतील पांढऱ्या पेशींपर्यंत मनाची वार्ता दोन वाटांनी पोहोचते. पहिली वाट रक्ताची : मूत्रपिंडांच्या माथ्यावरील अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल सोडतात. दुसरी मज्जातंतूंची : प्लीहा व लसिका ग्रंथींत शिरलेल्या तंतूंच्या टोकांतून नॉरॲड्रेनॅलिन स्रवते. हे दोन्ही निरोप ओळखणारे ग्राहक-रेणू पांढऱ्या पेशींत असतात. ताण घटकाभराचा असेल, तर या पेशी सज्ज होऊन रक्तात उतरतात. तोच महिनोन्‌महिने टिकला, तर त्यांचे एकमेकींना जाणारे संदेश क्षीण होतात आणि दुरुस्तीचे काम रेंगाळते.

अमेरिकेतील ओहायो येथे 1998 साली प्रसिद्ध झालेला प्रयोग पालकांनी अवश्य लक्षात ठेवावा. दंतवैद्यकाच्या 11 विद्यार्थ्यांच्या टाळूवर सुट्टीत एक आणि परीक्षेच्या तोंडावर एक, अशा दोन सारख्या लहान जखमा करण्यात आल्या. परीक्षाकाळातील जखम भरण्यास सरासरी तीन दिवस, म्हणजे सुमारे 40 टक्के अधिक वेळ लागला. विद्यार्थी तेच, जखम तेवढीच. बदलला होता तो काळ.

मात्र यावरून कोणत्याही आजाऱ्याला, ‘तू चिंता केलीस म्हणून आजारी पडलास,’ असे कृपया म्हणू नका. आजाराला अनेक कारणे असतात. दुखण्यावर अपराधाचे ओझे लादणे हाही एक ताणच आहे. तसेच प्राणायाम हा औषधाचा सोबती आहे, पर्याय नव्हे.

परीक्षेची थोडी धाकधूक असावी. ती मुलांना जागे ठेवते. पण परीक्षा संपल्यावरही घरातील धाक संपत नसेल, तर तो मुलांच्या रक्तापर्यंत पोहोचतो. पुरेशी झोप, मोकळे मैदान आणि निकालापूर्वीही व नंतरही सारखीच राहणारी माया, एवढे आपण त्यांना खचितच देऊ शकतो.