गाणं कुणाच्या नावावर?



आज सकाळच्या गाडीनं भिलाईहून आलो. ज्या रुळांवरून आलो ते बहुधा आमच्याच गावचे. रेल्वेचे बहुतेक रूळ भिलाई स्टील प्लांटमध्येच बनतात. रुळाच्या बाजूला कंपनीचं नाव, वजन आणि साल उठवलेलं असतं. लहानपणी बाबा मला ते बोटानं दाखवायचे. बाबा ठेकेदाराकडे मजूर. वीस वर्षं प्लांटच्या आत राबले, पण गेट पासवर कायम ठेकेदाराचं नाव मोठं आणि त्यांचं बारीक. ठेकेदार बदलला की पास नवा, नोकरीही नवी, म्हणजे जुनी वर्षं गेली. हे आधी सांगतोय, कारण पुढं लागणार आहे.

आजोबा भंडारा जिल्ह्यातून आले, प्लांट उभा राहत होता तेव्हा. रशियाशी करार १९५५चा, पहिली भट्टी पेटली फेब्रुवारी १९५९मध्ये. विदर्भातली आपली कितीतरी घरं तेव्हा तिकडं गेली आणि तिथलीच झाली. आमच्या घरात मराठी, गल्लीत छत्तीसगढी, शाळेत हिंदी. मी लिहितोही तसाच, तिन्ही मिसळून. कुणी विचारतं, नक्की कोणत्या भाषेत गातोस? खुर्सीपारच्या.

गाण्याचे सण आमच्याकडे दोन. १४ एप्रिलला हलगी आणि वामनदादांची गाणी. १८ डिसेंबरला शेजारच्या सतनामी वस्तीत गुरू घासीदास जयंती, तेव्हा पंथी. मांदर, झांज, पायात घुंगरू, आणि लय वाढत वाढत अशी जाते की बघणाऱ्याला दम लागतो. रॅप फोनमधून आला, तो कॉलेजात. अमरावतीचा विपिन तातड ऐकला, कोरापुटचा सुमीत सामोस ऐकला. ही पोरं स्वतःची जात, स्वतःचं गाव, स्वतःचं नाव घेऊन गातात, हे पाहून अंगावर काटा आला होता.

पण खरं सांगू, वेगानं शब्द म्हणणं आमच्या भागात नवं नाहीच. तीजनबाई भिलाईजवळच्या गनियारीच्या, पारधी समाजातल्या. बायकांनी बसून पंडवानी म्हणायची अशी रीत होती. त्या तंबूरा घेऊन उभ्या राहिल्या. २०१९ला पद्मविभूषण मिळालं. पंडवानीत एक रागी असतो. तो मध्ये मध्ये हुंकार देतो, प्रश्न विचारतो, ओळ उचलून धरतो. रॅपरच्या मागं उभं राहून शब्द झेलणारा दोस्त असतो ना, तोच. आमच्या गावात तो कधीपासून होता, आम्ही त्याला यूट्यूबवर शोधत बसलो.

मग सेकंडहँड लॅपटॉप घेतला, एक माइक घेतला. स्टुडिओ म्हणजे आईच्या चार गोधड्या दोरीवर टाकून केलेला कोपरा. उन्हाळ्यात पंखा लावला तर आवाज येतो, बंद केला तर गायक वितळतो. आम्ही पहाटे चारला रेकॉर्ड करायचो. पहिली बीट बनवली ती पंथीवर. शेजारच्या काकांचा मांदर रेकॉर्ड केला आणि कॉम्प्युटरवर एकेक थाप सरळ रेषेत लावली, मिनिटाला नव्वद ठोके, एकही इकडंतिकडं नाही. मोठ्या अभिमानानं काकांना ऐकवलं. ते म्हणाले, "ये तो मशीन आय, मांदर नोहय."

आठ दिवस राग धरला होता मी. मग लक्षात आलं, पंथी पळते आणि मी तिला खुंट्याला बांधून ठेवलं होतं. आता उलट करतो. काका वाजवतात तशी लय राहू देतो आणि मशीनला त्यांच्या मागं पळवतो. एका गाण्यामागं तीन रात्री जास्त जातात, पण काका मान डोलावतात.

आता पैशाचं. आपल्यात कलेबद्दल बोलताना पैशाचं बोलायला लाजतात. माझ्या एका गाण्याला बऱ्यापैकी लोकांनी ऐकलं, तेव्हा एका कंपनीचा करारनामा आला. एकरकमी पैसे, बाबांच्या चार महिन्यांच्या मजुरीएवढे. अकरा पानं. तुमच्यातल्या बहुतेकांसारखी माझ्याही घरात पहिली डिग्री माझी, आणि ती बी.ए. कशाला घेतली हे नातेवाईक अजून विचारतात. त्या रात्री उपयोगी पडली. डिक्शनरी घेऊन बसलो. सातव्या पानावर लिहिलं होतं की सगळे हक्क कायमचे आणि संपूर्ण विश्वात त्यांचे. पृथ्वी नाही, विश्व! मंगळावर गाणं वाजलं तरी पैसे त्यांचे.

मग कायदा वाचला. १९५७चा कॉपीराइट कायदा, त्यात २०१२ची दुरुस्ती. एका गाण्यात हक्क तीन असतात. शब्दांचा एक, चालीचा दुसरा, रेकॉर्डिंगचा तिसरा. शब्दांवरचा हक्क लिहिणारा जिवंत असेपर्यंत आणि नंतर साठ वर्षं. रेकॉर्डिंगचा हक्क प्रसिद्ध झाल्यापासून साठ वर्षं, आणि रेकॉर्डिंग जो पुढाकार आणि जबाबदारी घेऊन बनवतो त्याचा. गोधड्यांच्या आतला तो माणूस मीच होतो. करारात मुदत लिहिलीच नसेल तर ती पाच वर्षं धरतात. आणि गीतकार-संगीतकाराच्या रॉयल्टीचा वाटा सही करूनही सोडता येत नाही. तो फक्त वारसाला किंवा कॉपीराइट सोसायटीला देता येतो. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून तुम्हाला सांगतोय.

मी सही केली नाही. बाबा दोन दिवस बोलले नाहीत. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. घरात पैसा हवाच होता, आणि आजही पुरत नाही. लग्नात साउंड सांभाळतो, दुसऱ्यांची गाणी मिक्स करतो, त्यावर चालतं. कुणी सही केली म्हणून त्याला बिकाऊ म्हणणारा मी नाही.

पण अरिवूचं आठवतं. 'एन्जॉय एन्जामी'त त्याच्या आजीची, भूमिहीन मजुरांची गोष्ट. २०२१ साली जग नाचलं त्यावर. आणि एका मोठ्या संगीत मासिकानं मुखपृष्ठ केलं तेव्हा त्यावर तोच नव्हता. पा. रंजितसारखे लोक बोलले, मग त्याचं वेगळं मुखपृष्ठ काढलं. शब्द त्याचे, आजी त्याची, तरी भांडावं लागलं.

म्हणून पुढचा बेत छोटा आहे. मोठ्या स्टेजची हाव आहे, नाही असं नाही. पण आधी खुर्सीपारमध्ये एक खोली भाड्यानं घ्यायची. हलगीवाले, मांदरवाले, रागी यांना तिथं बसवून आठ गाण्यांचा अल्बम करायचा. प्रत्येकाचं नाव आणि वाटा रेकॉर्डिंगच्या आधीच कागदावर.

पहिला कागद मागच्या महिन्यात केला. मांदरवाल्या काकांनी पेन हातात घेतलं आणि विचारलं, सगळे म्हणतात ते नाव लिहू की आधारवरचं? मी म्हटलं, दोन्ही लिहा. त्यांनी लिहिलं, मग थोडं थांबून त्याखाली आपल्या वडिलांचंही लिहिलं. मांदर त्यांच्याकडून शिकलो, म्हणाले. मी तो रकाना वाढवून घेतला.

गाणं अजून मिक्स व्हायचंय. झालं की पाठवतो.